पिवळी जीभ



सोलापुरात उभे राहून चीनचे नाव काढले की डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवणारच. पण कोटणीस शल्यचिकित्सक होते. १९३८ साली हे सोलापूरकर भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले ते जखमी सैनिकांवर उपचार करायला. त्यांचे नाव काढे आणि नाडी यांच्याशी जोडून टाळ्या मिळवण्याचा मोह मी टाळतो. त्यांच्याच पथकातले डॉ. बी. के. बसू पुढे ॲक्युपंक्चर शिकून आले. माझा आजचा विषय सुयांचाही नाही. चिनी वनौषधी चिकित्सेत उष्णता आणि कफ कसे ओळखतात, त्याबद्दल मला बोलायचे आहे. आणि विषयाच्या या पहिल्याच वाक्यात मी एक चूक केली आहे.

मूळ शब्द कफ नाही, ‘तान’ आहे. खरा उच्चार ‘थान’च्या जवळ जातो, पण तो मराठीत चारचौघांत म्हणणे अवघड; म्हणून तान. गवयांनी राग मानू नये. भाषांतर करताना आपण ‘कफ’ लिहून मोकळे होतो आणि तिथून घोळ सुरू होतो. आपला कफ दोष असला तरी निरोगी शरीरात त्याला काम आहे. तो सांध्यांना वंगण देतो, बळ देतो, स्थैर्य देतो. तानला असे एकही काम नाही. पचनाची ताकद मंदावली, द्रव जिथल्या तिथे साचले आणि आटून घट्ट झाले, की तान. प्राकृत तान अशी चीजच नाही. आपल्याकडे त्याचा नातेवाईक शोधायचाच तर मी बिचकत ‘आमा’कडे, म्हणजे न पचता साचलेल्या अन्नरसाकडे, बोट दाखवीन.

शिवाय खाकरल्यावर पडणारा बेडका हे तानचे फक्त दिसणारे रूप. न दिसणारे तान चक्कर आणते, छाती भरल्यासारखी करते, झोप उडवते, घशात काही अडकल्यासारखे वाटायला लावते आणि खोकला मात्र एकदाही येत नाही. युआन काळातला वैद्य झू दानशी (१२८१–१३५८) पुष्कळ रोगांच्या मुळाशी तान पाहत असे. मला ते कधीकधी अति वाटते. जे कळत नाही ते सगळे एका पोत्यात भरण्याची सोय त्यात आहे आणि ही सोय आपल्यालाही परकी नाही.

उष्णतेचेही तेच. उष्णता म्हणजे पित्त नव्हे. तिथे ती रोगाची एक अवस्था आहे, शीताच्या समोर ठेवून मोजायची. उष्णतेत तान आटते, चिकट होते, पिवळे पडते. जीभ लाल, तिच्यावर पिवळा चिकट थर. नाडी वेगवान आणि ताटलीत मोती घरंगळावेत तशी बोटाखालून निसटणारी. पुस्तकात हे चित्र इतके स्वच्छ असते की विद्यार्थ्याला वाटते, आता चुकणे अशक्य.

तरुणपणी मी दोन वर्षे चीनमध्ये शिकत होतो. पहिल्याच हिवाळ्यात खोकल्याने धरले. आमच्या गुरुजींनी मलाच वर्गासमोर बसवले आणि जीभ बाहेर काढायला सांगितली. पिवळी धमक! वर्ग एका सुरात म्हणाला, “उष्ण तान.” एकाने थंड गुणाच्या औषधांचा काढाही पाठ म्हणून दाखवला. गुरुजींनी ओल्या कापसाने माझी जीभ पुसली. पिवळा रंग कापसावर आला आणि खाली पांढरा ओलसर थर उघडा पडला. “काल रात्री काय प्यायलास?” मी म्हणालो, “हळद घातलेले दूध.” आईने पिशवीत बांधून दिलेली हळद होती ती. वर्ग हसला, गुरुजी हसले नाहीत. जिभेवर चढलेला रंग पुसता येतो, खरा थर सहसा तसा सुटत नाही. हे त्यांच्या जुन्या शिकवणुकीत आहेच, पण मला ते तिथे हळदीने शिकवले. तो काढा मी घेतला असता तर आधीच मंद असलेली भूक पार बसली असती.

तेव्हापासून पिवळ्यावर माझा चटकन विश्वास बसत नाही. पहाटेचा पहिला बेडका पिवळा असेल तर तो रात्रभर साचून राहिल्यानेही असेल. दिवसभरात पांढरा, पातळ पडतो का? पाणी गार हवे की कोमट? चिनी वैद्याच्या चार परीक्षांत पाहणे, विचारणे आणि नाडीवर बोट ठेवणे येते. चौथ्या परीक्षेचे अक्षर एकच, पण त्यात ऐकणे आणि हुंगणे दोन्ही बसते. घरंगळणारी नाडी तर गरोदर बाईची असते आणि धडधाकट तरुणाचीही. तिच्यावरून थेट तानवर उडी मारणारे वैद्य मी पाहिले आहेत. नावे कशाला, त्यांत मीही होतो.

औषधांकडे पाहिले की ही गुंतागुंत हाताला लागते. तानवरचे मुख्य औषध ‘बानश्या’ हा एक कंद, आपल्या सुरण आणि अळूच्या कुळातला. कच्चा खाल्ला तर घसा सोलून निघतो. आपण सुरणाला चिंच-कोकम लावतो, ते याला आले आणि तुरटी लावतात. त्याचा भाऊबंद ‘नानशिंग’. पावसाच्या तोंडावर सह्याद्रीत फणा काढणारा आपला सापकांदा त्याच्याच प्रजातीतला. हा कंद मुळात उष्ण, पण जनावराच्या पित्तात मुरवला की थंड गुणाचा होतो आणि उष्ण तानवर चालतो. माहुआंग, दालचिनीच्या काड्या, जर्दाळूची कडू बी आणि ज्येष्ठमध हा थंडी भरलेल्या रुग्णाचा काढा. त्यातली दालचिनी काढून जिप्सम घाला, तो फुप्फुसातल्या उष्णतेचा झाला. चारातले एक बदलले आणि औषध उलट्या दिशेला वळले. निदान जर उलटे असेल तर काय होईल, ते वेगळे सांगायला नको.

नावेसुद्धा फसवतात. ‘वेन-दान’ या काढ्याचा अर्थ पित्ताशय ऊबदार करणारा. सातव्या शतकात सुन सिमियाओने तो आजारातून उठलेल्या, पित्ताशय गारठून झोप उडालेल्या माणसासाठी दिला. त्यात आले भरपूर. ११७४ मध्ये चेन यानने आले कमी केले, इतर दोन द्रव्ये घातली, आणि आज तोच काढा बहुधा तानसोबत उष्णता असताना देतात. नावातली ऊब तशीच राहिली.

आता थोडे कडू. जपानमध्ये ‘शो-साइको-तो’ हा मूळ चिनी काढा जुनाट यकृतदाहावर सर्रास दिला गेला, रोगाचे नाव पाहून; रुग्णाची अवस्था फारशी कोणी पाहिली नाही. काहींना फुप्फुसाचा गंभीर विकार झाला, मृत्यूही झाले आणि १९९६ मध्ये सरकारला तातडीचा इशारा द्यावा लागला. आपल्यातले काही जण म्हणतात, नीट निदान केले असते तर हे झाले नसते. काही अंशी खरे. पण औषध अपाय करू शकते ही गोष्ट निदानाच्या पदराआड लपवता येणार नाही.

आणि नीट निदान म्हणजे कोणाचे? अमेरिकेत संधिवाताच्या चाळीसेक रुग्णांना तीन चिनी पद्धतीच्या वैद्यांनी वेगवेगळे तपासले, तेव्हा त्यांचे एकमत एक तृतीयांशाच्याही आतच भरले. परंपरेवर प्रेम असणाऱ्याने हा आकडा पाठ करावा. मला तो लाजिरवाणा वाटतो, आणि उपयोगीही. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगवर्गीकरणात अशा अवस्थांना क्रमांक मिळाले आहेत. दोन वैद्यांचे एका जिभेवर जमत नसेल तर क्रमांक टाकून काय करायचे?

म्हणून अध्यक्ष या नात्याने मी कार्यक्रमात एक लुडबुड केली आहे. उद्या सकाळी दहा रुग्ण येतील, त्यांच्या संमतीने. तीन-तीन वैद्य प्रत्येकाला स्वतंत्र तपासतील, उष्ण की शीत, तान आहे की नाही, आणि कशावरून, हे कागदावर लिहून पाकिटात घालतील. पाकिटे दुपारी चारला याच व्यासपीठावर उघडू. पहिल्या तिघांत मी आहे.

रुग्णांना सकाळी चहा आणि हळद-दूध नको, असा निरोप गेला आहे. आपण मात्र चहा घेऊनच या.