पंख्याचा आवाज बंद केला आणि काटा थांबला

आजचा भाग पंख्यावर आहे. सर्व्हरच्या पंख्यावर. कूलरही मधात येईलच, वऱ्हाडातली गोष्ट म्हटल्यावर तो कुठे टळतो.

आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. 2024 च्या मे महिन्यात अकोल्यात पारा 45 च्या वर गेला आणि जिल्ह्यात कलम 144 लावलं, खासगी क्लासेसच्या वेळासुद्धा बदलायला सांगितल्या. हे सगळं माणसांसाठी. मशीन बिचारं त्याच खोलीत चोवीस तास चालू.

तर, मूर्तिजापूर-दर्यापूर रस्त्यावर एक जिनिंग आहे, नाव सांगत नाही. तिथल्या वजनकाट्याच्या पावत्या एका छोट्या टॉवर सर्व्हरवरून निघतात. त्यावर उबंटू, आणि देखभाल माझ्याकडे, अमरावतीहून. एप्रिलमध्ये, हंगामाच्या शेवटी, मॅनेजर साहेबांचा फोन आला: "भाऊ, तुमची पेटी काहून इतकी बोंबलून राह्यली? फोनवर बोलता येत नाही इथं."

मी घरूनच लॉगिन केलं. सेन्सर्स कमांड: प्रोसेसर 81 अंश. टॉप पाहिलं: प्रोसेसरवर काम जेमतेम पाच टक्के. आता खरं तर निदान इथंच झालं होतं. काम नाही आणि तरी तापतंय, म्हणजे उष्णता बाहेर पडत नाहीये. पण मी सॉफ्टवेअरवाला. मी गव्हर्नर बदलून पॉवरसेव्ह केला, दोन सर्व्हिसेस बंद केल्या. दोन अंश उतरले.

मग मी ती चूक केली. फॅनकंट्रोलमधून पंख्याचा वेग निम्म्यावर बांधून टाकला. साहेब खूश. संध्याकाळी पाहिलं तर 86. बऱ्याच इंटेल प्रोसेसरची मर्यादा 100 च्या आसपास असते, म्हटलं आहे अजून जागा. पण ते संध्याकाळचं 86 होतं, हे डोक्यात आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला मशीन बंद. माझ्याशिवाय पेटीला हात लावायचा नाही, ही सूचना माझीच. आणि मी बडनेऱ्याला एका लग्नात, फोन सायलेंटवर. मी पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. गेटबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, शेतकरी ट्रॉल्यांच्या सावलीला बसलेले. हाताने लिहिलेली काट्याची पावती घ्यायला कोणी तयार नव्हतं, आणि का घ्यावी? मला कोणी काही बोललं नाही. तेच जास्त लागलं.

सर्व्हर चालू करून कर्नलचे लॉग काढले. शेवटची ओळ, तापमान धोक्याच्या पातळीवर गेलं म्हणून मशीन बंद करतोय. त्याच्या वर आदल्या रात्रीपासूनच्या ओळी, कोअर तापला म्हणून वेग कमी केला. प्रोसेसर आधी स्वतःच हळू होतो, ते पुरलं नाही तर मशीन बंद पडतं. सगळं लिहून ठेवलं होतं त्यानं. मी वाचलं नव्हतं.

तिथल्या फिटरकाकांनी मशीन बंद करून झाकण काढलं. बाहेरून पंखा एकदम स्वच्छ. पंखा सोडवला, तर त्याच्या आणि हीटसिंकच्या मधात रुईचा नमदा, बोटभर जाड. काका म्हणाले, "पंखा चांगला हाये. नाक बुजलं त्याचं." बाहेर नेऊन, पाती पेन्सिलीने अडवून ब्लोअर मारला. पाती अडवायचीच, नाहीतर ती हवेनं भलत्या वेगात फिरतात आणि बेअरिंग जातं.

हीटसिंकच्या पात्यांवर पांढरा थरही होता. हे मला नवीन होतं. पूर्णेच्या खोऱ्यातला तो खारपाणपट्टा, बोअरचं पाणी खारं, तेच कूलरमध्ये, आणि कूलरचं तोंड थेट सर्व्हरवर. बारीक तुषार उडतात, सुकतात, क्षार राहतो, त्यावर रुई चिकटते. बरं, कूलर काढूनही चालत नाही. एप्रिलच्या कोरड्या हवेत तो खोली सहज दहा अंशांनी उतरवतो. आम्ही तो बाजूला वळवला आणि टाकीत गोडं पाणी सुरू केलं.

आणि एक आकडा मी तेव्हापासून पाहायला लागलो. प्रोसेसरचं तापमान वजा खोलीचं तापमान. हीटसिंक खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही, म्हणून नुसत्या 81 ला अर्थ नाही. त्या दिवशी खोलीत 38 होते, साफ केल्यावर प्रोसेसर 52. म्हणजे फरक 14. आधी तो चाळीसच्या वर असणार, काहीच काम नसताना! अमरावतीत बसून मला सगळं दिसत होतं, खोली सोडून. आता तिथं यूएसबी तापमापक आहे. एक स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी हा फरक लिहिते. काम नसताना तो 25 च्या वर गेला की मला मेसेज आणि काकांना फोन.

पंखा परत ऑटोमॅटिकवर आहे. दुपारी अजूनही बोंबलतो. साहेबांनी टेबल पलीकडच्या भिंतीला नेलं.