युक्त्या लिहून ठेवा



हे भाषण माझ्या बोटांखाली ब्रेलमध्ये आहे. मान वर ठेवून वाचतोय म्हणून सगळं पाठ करून आलोय असं समजू नका. संमेलनाच्या अध्यक्षानं भाषेच्या भवितव्यावर बोलावं अशी रीत आहे. मी दूध, मीठ, नोटा आणि फाइली यांवर बोलणार आहे. भाषेचं भवितव्य त्यात कुठं येतं ते शेवटी बघू.

इथून, अकोटहून, पूर्वेला चांदूर बाजार तालुक्यात माधान आहे, गुलाबराव महाराजांचं गाव. 1881 साली लोणी टाकळीला जन्म, तान्हेपणीच दृष्टी गेली, 1915 साली वयाच्या 34 व्या वर्षी देह ठेवला आणि तेवढ्यात शंभरावर ग्रंथ रचले. प्रज्ञाचक्षू म्हणून आपण हात जोडतो, आणि एकदा हात जोडले की प्रश्न विचारायचे राहून जातात. माझा प्रश्न साधा आहे. महाराजांना ग्रंथ वाचून कोण दाखवायचं? त्यांनी सांगितलेलं कोण उतरून घ्यायचं? किती वेगानं, कोणत्या वेळी, चुकलं तर दुरुस्ती कशी व्हायची? चमत्कार सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्यामागची रोजची व्यवस्था कुणी विचारत नाही. मला त्या व्यवस्थेत जास्त रस आहे, कारण माझ्यासारख्या प्रज्ञा बेताच्याच असलेल्या माणसाला उपयोग तिचाच होतो.

आम्हा अंधांची बरीचशी विद्या तोंडी आहे. एका अंध बाईकडून दुसरीकडं, वसतिगृहातल्या मोठ्या मुलाकडून लहानाकडं. दूध उतू जाणार हे न बघता कसं कळतं? पातेल्याच्या तळाशी स्टीलची छोटी वाटी पालथी टाकायची. दूध तापलं की वाफ वाटीखाली अडकते आणि वाटी खडखडू लागते. खडखड वाढली की गॅस बारीक करायचा. चहाचं पाणी आधी त्याच कपानं मोजून पातेल्यात घालायचं, म्हणजे गाळताना कप भरून वाहत नाही. गार पाणी ओतताना पेल्याच्या काठाआत बोट चालतं, चहाला चालत नाही. फल्ली तेलाच्या बाटलीला एक रबर, सरकीच्या तेलाला दोन. मीठ बरणीत, साखर डब्यात. घरात कुणी अदलाबदल केली तर त्या दिवशीचा चहा त्यालाच पाजावा. सकाळच्या गोळ्यांच्या पाकिटाचा एक कोपरा कापायचा, रात्रीच्या पाकिटाला हात लावायचा नाही. साडी आणि तिचं ब्लाउज धुवायला टाकतानाच एका पिनेत अडकवायचं. भाकरीचं तर काही सांगायलाच नको. ती थापताना कड जाड राहिली का, हे डोळस बाईलाही बोटंच सांगतात.

ताटाचं मात्र मला थांबून सांगायचं आहे. अंध माणसाला ताट वाढताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणं जागा सांगाव्यात, असं शिक्षकांना शिकवतात: भाजी तीनवर, भाकरी सहावर. चांगली पद्धत आहे. पण आपल्या पंगतीत हे काम आधीच झालेलं होतं. मीठ वर मधोमध, चटणी-कोशिंबीर डावीकडं, भाजी उजवीकडं. कुणाच्याही घरी जेवायला बसलो तरी मीठ कुठं आहे हे मला न विचारता ठाऊक असायचं. त्या वाढप्यांनी आमचा विचार केला असेल असं नाही, पण फायदा आम्हाला झाला. आता हातात ताट घेऊन रांगेत उभं राहायचं, सगळे पदार्थ एकमेकांत, आणि पाठीमागचा म्हणतो, ‘चाला ना भाऊ पुढं.’ बुफेनं आमचं जितकं नुकसान केलं तितकं जिन्यांनीही केलं नसेल.

इथं अनेकांना मोतीबिंदू, काचबिंदू किंवा साखरेमुळं अंधूक दिसत असेल. अंधुकांची गरज वेगळी असते. पांढऱ्या ताटलीतला भात त्यांना दिसत नाही, गडद ताटलीतला दिसतो. पायरीच्या कडेला पिवळा पट्टा ओढायला शंभर रुपयांचा रंगही लागत नाही. खिडकीकडं पाठ करून त्यांच्याशी बोलू नका, तुमचा चेहरा काळा गोळा होतो.

घरातल्यांना दोनच विनंत्या. दार एकतर सताड उघडं ठेवा, नाहीतर पूर्ण लावा. अर्धवट दाराची कड सरळ कपाळावर येते. आणि वस्तू जिथून उचलली तिथंच ठेवा. बाहेर भेटलात तर ‘सांगा बरं मी कोण?’ ही परीक्षा घेऊ नका, नाव सांगा. एसटी स्टँडवर कुणीतरी ‘कुठी चालला भाऊ?’ म्हणतो आणि उत्तर यायच्या आत मागून ढकलत गाडीत चढवतो. माया खरी असते, गाडी चुकीची असते. तुमचा कोपर आमच्या हातात द्या आणि अर्धं पाऊल पुढं चाला. पायरी आली की तुमचा हात वर जातो, तेवढं आम्हाला पुरतं. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत पांढरी काठी रुतते, टोकाला चिखलाचा गोळा धरतो, आणि आता आवाज न करणाऱ्या ई-रिक्षा आल्या आहेत. त्या दिवसांत सोबतीला कोपर असलेला बरा.

नोटांचं सांगतो. 2016 नंतरच्या मालिकेत शंभराच्या नोटेच्या दोन्ही कडांना चार उठावदार रेषा आहेत, पाचशेच्या नोटेला पाच, दोनशेला चार रेषा आणि मध्ये दोन वर्तुळं. नोट जुनी झाली की रेषा झिजतात. दहा आणि वीसच्या नोटांवर रेषाच नाहीत, आणि लांबीत फरक फक्त सहा मिलिमीटरचा. म्हणून आम्ही दहाची नोट उघडी ठेवतो आणि वीसच्या नोटेला एक घडी घालतो. रिझर्व्ह बँकेचं 2020 साली आलेलं ‘मनी’ अॅप फोनच्या कॅमेऱ्यानं नोट ओळखून सांगतं. वीसचं नाणं बारा बाजूंचं असल्यामुळं बोटांना चटकन कळतं. आणि दुकानातला ‘इतके रुपये प्राप्त झाले’ असं ओरडणारा डबा आमच्यासाठी बनवलेला नाही, पण पानटपरी चालवणाऱ्या अंध माणसाला त्याच्याइतका प्रामाणिक नोकर मिळणार नाही.

योजनांची जंत्री वाचत बसत नाही. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड काढून घ्या, पुढची बहुतेक दारं त्यानं उघडतात. मतदान यंत्रावर ब्रेलमध्ये क्रमांक असतात, तेव्हा बटण दुसऱ्या कुणाला दाबायला लावू नका.

आता फाइलींकडं येतो. वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांच्या आश्रमात वाढलेली दृष्टिहीन माला पापळकर 2024 साली लोकसेवा आयोगाची लिपिकाची परीक्षा पास झाली. ऐकून आणि ब्रेलवर अभ्यास करून. आज तिच्यासारख्या मुलांच्या हातात फोन आहे आणि तो मराठी वाचून दाखवतो. संगणकासाठी एनव्हीडीए हा वाचक फुकट मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी 2006 साली त्याचं काम सुरू केलं. महाराजांना वाचून दाखवणारी माणसं शोधावी लागली असतील, आमच्या खिशात वाचक बसलेला आहे.

पण त्याला वाचायला आपण काय देतो? आपले कितीतरी मुद्रक अजून जुन्या फॉण्टमध्ये अक्षरजुळणी करतात. पडद्यावर सुंदर देवनागरी दिसते, पोटात मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. माझा फोन मग तुमची कविता ‘एम, स्वल्पविराम, उघडा कंस’ अशी वाचतो. काही नवकवितांना त्यानं फारसा फरक पडत नाही, हा भाग वेगळा. पानांचे फोटो काढून केलेली पीडीएफ तर नुसती मुकी असते. आजची स्मरणिका मला मिळाली आहे. कागद गुळगुळीत आहे, एवढंच मी तिच्याबद्दल सांगू शकतो.

कायद्याची अडचण नाही. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा दिव्यांगांसाठी पुस्तकाचं रूपांतर करायला मुभा देतो. याच कामासाठी 2013 साली झालेल्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश. 2016 पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे दिव्यांगांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय आहे. स्वागत थोरातांनी 2008 साली ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू करून दाखवलं. वऱ्हाडातलं साहित्य तेवढं बाहेर राहिलं आहे, आणि ते आपल्या आळसामुळं.

तेव्हा इथल्या लेखकांनी पुढच्या पुस्तकाच्या वेळी मुद्रकाकडून युनिकोडची, म्हणजे फोनला वाचता येणारी, फाइल मागून घ्यावी आणि जवळच्या अंध विद्यालयाला द्यावी. दुधातल्या वाटीसारख्या ज्या युक्त्या तुमच्या गावातल्या अंध आजीला ठाऊक आहेत, त्या तिच्याकडून ऐकून तिच्याच बोलीत लिहून काढाव्यात. भाषेचं भवितव्य येतं ते इथंच. वऱ्हाडीत असं पुस्तक निघालं तर प्रस्तावना मी लिहीन. आणि आणखी एक. दहावी-बारावीच्या अंध परीक्षार्थींना लेखनिक लागतो, तो त्यांच्याहून खालच्या इयत्तेतला असावा लागतो, आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर तो मिळत नाही. ज्यांच्या घरात नववीत किंवा अकरावीत शिकणारं, बऱ्या अक्षराचं मूल आहे, त्यांनी त्याचं नाव आज जाण्यापूर्वी कार्यवाहांकडं लिहून द्यावं.