विमानातून उतरून थेट मिकीकडे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



परदेशी जायचं ठरलं की घराघरांत एक कागद तयार होतो. एका बाजूला तारखा, दुसऱ्या बाजूला काय काय पाहायचं ते. सहली आखून देणं हा माझा व्यवसाय, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये असे कागद माझ्या टेबलावर रोज येतात. अमेरिकेचा कागद असला आणि घरात मुलं असली, की त्यात ऑर्लँडोचे चार-पाच दिवस असायचेच. आणि त्यातल्या पहिल्या दिवसापुढे हमखास लिहिलेलं असतं : "दु. ३ ऑर्लँडो आगमन. सायं. ६ मॅजिक किंगडम." या एका ओळीबद्दल मला आज बोलायचं आहे.

ही ओळ कुठून येते, ते मला समजतं. वर्षानुवर्षं पैसे साठवलेले असतात, व्हिसासाठी महिनोन्‌महिने वाट पाहिलेली असते, ऑफिसातून मोठ्या मुश्किलीने पंधरा दिवसांची रजा मिळालेली असते. मग "हॉटेलात झोपायला का एवढ्या लांब जायचं?" असा प्रश्न घरातलं कोणीतरी विचारतंच. शिवाय तिथे पाहण्यासारखं कमी नाही. मॅजिक किंगडम १९७१ साली उघडलं, एप्कॉट १९८२ साली, आता हॉलिवूड स्टुडिओज म्हणतात ते १९८९ साली आणि ॲनिमल किंगडम १९९८ साली. ही झाली नुसती डिस्नेची चार. शेजारी युनिव्हर्सलची वेगळी, आणि त्यात २०२५ च्या मे महिन्यात 'एपिक युनिव्हर्स'ची भर पडली. दिवस तेवढेच आणि यादी लांबत चाललेली. मग संध्याकाळचे तीन-चार तास सापडले, की माणूस ते उरकायला बघतो.

आधी पैशाचं बोलू, कारण घरात चर्चा तिथूनच सुरू होते. डिस्नेचं तिकीट दिवसावर असतं, तासावर नसतं. तुम्ही सकाळी आठला आत गेलात काय किंवा रात्री आठला गेलात काय, एक दिवस खर्ची पडला. १९७१ साली आत जायला साडेतीन डॉलर पडत आणि खेळांची कुपनं वेगळी घ्यावी लागत. डिसेंबर २०२२ पासून मॅजिक किंगडमचं एका दिवसाचं तिकीट तारखेप्रमाणे १२४ ते १८९ डॉलरच्या घरात गेलं, आणि त्यानंतरही चढतच राहिलं. चार माणसांचं कुटुंब धरलं तर संध्याकाळच्या तीन तासांची किंमत काय झाली, ते तुम्हीच काढा.

यावर एक चलाख उत्तर मला नेहमी ऐकायला मिळतं. "मॅडम, आपण चारऐवजी पाच दिवसांचं तिकीट घेऊ. पाचवा दिवस स्वस्तात पडतो." हे खरं आहे. जितके दिवस जास्त, तितका दर दिवसाचा भाव उतरत जातो. पण चार दिवसांचं तिकीट सात दिवसांत केव्हाही वापरता येतं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. म्हणजे पोचल्या दिवशी ते सुरूच करायला पाहिजे, अशी सक्ती नाही. (२००५ पूर्वी तर उरलेले दिवस कधीच बुडत नसत. जुनं तिकीट कपाटात जपून ठेवलेली माणसं मला भेटली आहेत. नव्या तिकिटांना ती चैन नाही.) तेव्हा पाचवा दिवस घ्या, खुशाल घ्या. फक्त तो पहिला दिवस असू नये, एवढंच माझं म्हणणं.

कारण पहिल्या दिवशी तुम्ही ऑर्लँडोत असता, पण तुमचं शरीर असतं पुण्यात किंवा कोल्हापुरात. उन्हाळ्यात फ्लोरिडा आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. तिथे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन झालेले असतात. भारतातून ऑर्लँडोला थेट विमान नाही; कुठेतरी बदलावं लागतंच. अमेरिकेतल्याच दुसऱ्या शहरात बदलायचं असेल, तर बहुधा तिथे इमिग्रेशनची रांग, सामान उतरवून घेणं, ते पुन्हा चढवणं हे सगळं आलं. घराचं दार ओढल्यापासून हॉटेलचं दार उघडेपर्यंत एक पूर्ण दिवस-रात्र सहज उलटते. अशा वेळी लहान मूल बाबागाडीत झोपून जातं. त्याचं ठीक आहे. पण आठ-दहा वर्षांचं मूल झोपतही नाही आणि जागंही नसतं. ते ज्या खेळासाठी वर्षभर नाचत होतं, त्याच्याच रांगेत ते रडायला लागतं. आणि त्याला "एवढे पैसे भरलेत तुझ्यासाठी" असं ऐकावं लागतं.

बरं, मॅजिक किंगडमच्या दाराशी गाडी थेट जातच नाही. गाडी लावायची तळ्याच्या अलीकडे. तिथे तपासणी, मग बोटीने किंवा मोनोरेलने पलीकडे जायचं. मग दार. गाडी बंद केल्यापासून आत पाऊल ठेवेपर्यंत पाऊण तास सहज जातो. परततानाही तेच, आणि आतषबाजी संपल्यावर सगळे एकदमच निघालेले असतात. कागदावरचे 'सायं. ६' प्रत्यक्षात पावणेसात होतात. आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्यांची वेळ हा आणखी एक गुंता. गोळी तिथल्या घड्याळाने घ्यायची की इथल्या, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्या. इन्शुलिन असेल तर नक्कीच घ्या. रांगेत उभं राहून त्याचा हिशेब करू नये.

पण श्रोतेहो, रडणारं मूल आणि वाया गेलेलं तिकीट, हे दोन्ही मी एक वेळ सोडून देईन. मला काळजी वाटते ती गाडी चालवणाऱ्याची.

आपली माणसं ऑर्लँडोत बहुधा भाड्याची गाडी घेतात. कुटुंब मोठं असलं की तेच सोयीचं पडतं. पूर्वी विमानतळावरून डिस्नेच्या हॉटेलांत जायला कंपनीचीच मोफत बस असे. २००५ साली सुरू झालेली ती सेवा २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली. त्यामुळेही गाडी घेण्याकडे कल वाढला. आता दृश्य डोळ्यांसमोर आणा. आतषबाजी नऊ-दहाच्या सुमाराला. ती पाहून, तळं ओलांडून, गाडी शोधून निघेपर्यंत अकरा वाजलेले. म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेआठ. मागच्या सीटवर सगळे गाढ झोपलेले. आणि पुढे एक माणूस : विमानात धड झोपलेला नाही, आयुष्यभर रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवलेली आहे, आज पहिल्यांदा उजव्या बाजूने चालवतो आहे, रस्ता अनोळखी, काळोख, आणि शेजारून गाड्या सुसाट चाललेल्या.

१९९७ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात एक छोटा शोधनिबंध आला होता. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं हात आणि डोळे यांच्या मेळाचं काम, रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असलेल्या माणसाइतकं ढासळतं, असं त्यात दिसलं. २४ तास जागरण झालं तर ०.१० टक्क्याइतकं. आता तुलना करा. भारतात गाडी चालवताना मद्यांशाची कायदेशीर मर्यादा आहे ०.०३ टक्के, फ्लोरिडात ०.०८. म्हणजे ज्यांनी जन्मात थेंब घेतलेला नाही, असे आपले सोवळे गृहस्थ त्या रात्री दोन्ही देशांच्या मर्यादा ओलांडलेल्या माणसासारखी गाडी हाकत असतात. आणि जागरण मोजणारं यंत्र पोलिसांकडे नसतं. त्यामुळे त्यांना कोणी अडवतही नाही.

म्हणून माझ्याकडे कागद आला की मी एकच विचारते : परत गाडी कोण चालवणार? ज्याचं नाव येईल, त्याने ठरवायचं. मुलांनी नाही, पैसे भरणाऱ्याने नाही आणि मीही नाही. तो म्हणाला, "मला जमेल," तर मी पुढे विचारते, विमानात किती तास झोपता? बहुतेक जण इथे हसतात. तरीही जायचंच असेल तर त्या रात्रीपुरती टॅक्सी करा. भाड्याची गाडी दुसऱ्या दिवशी घेतली तरी चालते, आणि एका दिवसाचं भाडंही वाचतं.

आता, पोचल्या दिवशी कोणीच जाऊ नये असंही नाही. न्यू जर्सीचा किंवा अटलांटाचा आपला भाचा सकाळच्या विमानाने नऊला ऑर्लँडोत उतरत असेल, तर त्याने हॉटेलात सामान टाकून सरळ जावं. त्याचं घड्याळ बदललेलं नाही. खोली बहुधा दुपारी तीनपूर्वी मिळत नाही, पण सामान आधी ठेवून घेतात. चार-सहा दिवस अमेरिकेतल्या नातेवाइकांकडे राहून मग ऑर्लँडोला येणाऱ्यांनाही माझी हरकत नाही. उलट मी तर सांगते की ऑर्लँडो सहलीच्या उत्तरार्धात ठेवा. आधी बहिणीकडे राहा, तिच्या हातचं वरण-भात खा, झोपा काढा. हा साधा बदल केला तर पोचल्या दिवसाचा प्रश्नच उरत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी आणखी एक बघावं. ऑगस्ट ते ऑक्टोबर हॅलोविनसाठी आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नाताळासाठी मॅजिक किंगडममध्ये ठरावीक रात्री खास कार्यक्रम असतात. त्यांचं तिकीट वेगळं. त्या दिवशी साध्या तिकिटावर आलेल्यांना संध्याकाळी सहाला बाहेर पडावं लागतं. 'सायं. ६ मॅजिक किंगडम' असा कागद घेऊन त्या दिवशी गेलात, तर लोक बाहेर पडत असतील आणि तुम्ही आत शिरायला बघत असाल. तारीख पाहून घ्यावी.

मग पोचल्या संध्याकाळी करायचं काय? झोपायचं नाही, हे पहिलं. सहाला आडवे झालात की मध्यरात्री टक्क जागे. जमेल तितकं, निदान नऊपर्यंत तरी, ओढून न्या. अंगावर ऊन घ्या, चाला, हॉटेलच्या तलावात मुलांना डुंबू द्या. 'डिस्ने स्प्रिंग्ज' नावाचा दुकानांचा आणि खाण्यापिण्याचा परिसर आहे. तिथे प्रवेशाला पैसे नाहीत, गाडी लावायलाही नाहीत. थकलात की दहा मिनिटांत उठून निघता येतं, आणि मन म्हणत नाही की एवढे डॉलर बुडाले. कंपनीलाही ही अडचण कळली असावी. २०२५ साली डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना पोचल्या दिवशी त्यांच्या वॉटर पार्कमध्ये मोफत प्रवेश दिला गेला. मात्र जून ते सप्टेंबर फ्लोरिडात दुपारनंतर विजांसह पाऊस फार. वीज चमकली की सगळ्यांना पाण्याबाहेर काढतात.

आजी-आजोबा बरोबर असतील तर माझी पसंती ॲनिमल किंगडम लॉजला. हे पार्क नव्हे, हॉटेल आहे. २००१ साली उघडलं. मागे मोठं गवताळ रान राखलं आहे आणि त्यात जिराफ, झेब्रे, लांब शिंगांची गुरं मोकळी हिंडत असतात. ते बघायला पार्कचं तिकीट लागत नाही. तिथेच 'सना' नावाचं उपाहारगृह आहे. स्वयंपाक आफ्रिकेचा, पण भारतीय वळणाचा. नान आणि निरनिराळ्या चटण्या मिळतात. जागा आधी राखून ठेवावी, म्हणजे फाटकावर अडवणार नाहीत. नाशिकच्या एका आजींनी परत आल्यावर मला सांगितलं, की साऱ्या अमेरिकेत त्यांना निवांत बसायला मिळालं ते तिथेच. काचेपलीकडे जिराफ चरत होते आणि त्या चटणीला नावं ठेवत होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे तीन-चारला सगळं घर जागं होणार, त्याला इलाज नाही. आणि खरी गंमत इथेच आहे. अमेरिकन माणसाला सुट्टीत पहाटे उठणं जिवावर येतं, आणि आपण चहा पिऊन, आंघोळी उरकून सहालाच तयार. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पार्क रोज अर्धा तास आधी उघडतात. त्या अर्ध्या तासात आणि पुढच्या दीड-दोन तासांत जितके खेळ होतात, तितके दुपारच्या गर्दीत चार तासांतही होत नाहीत. दुपारी एकला बाहेर पडा, खोलीवर जाऊन पडा. मुलं तोवर खूश असतात.

शेवटचा दिवस मात्र अनेक जण अकारण वाया घालवतात. परतीचं विमान संध्याकाळचं असेल, तर तो दिवस पोचल्या दिवसापेक्षा कितीतरी कामाचा. झोप बसलेली असते, रस्ते ओळखीचे झालेले असतात, कोणता खेळ राहिला ते मुलांना पाठ असतं. तिकिटाचा तो पाचवा दिवस इथे लावा. सामान हॉटेलात ठेवून सकाळी आत जा आणि आवडलेलं तेवढंच पुन्हा करा. विमानतळ तीसेक किलोमीटरवर आहे, आणि विमानाच्या तीन तास आधी तिथे पोचायचं आहे. संध्याकाळी सातचं विमान असेल तर दुपारी एकला पार्कबाहेर, दोनला सामान घेऊन हॉटेलबाहेर. भाड्याची गाडी परत करायला अर्धा तास वेगळा धरा.