दोष सुनेचा नव्हे



घरातल्या सुनेला दिवस जातात. सगळ्यांना आनंद होतो. पण कधी कधी दोन-अडीच महिन्यांतच गर्भ पडतो. मग बोलणी सुरू होतात. "ग्रहण पाळलं नसेल." "हिचा पायगुणच वाईट." ती बिचारी आधीच दुःखात, त्यात हा डाग. म्हणून आज चार गोष्टी सांगतो.

दिवस गेल्याचे कळलेल्या १०० बायकांपैकी १० ते १५ जणींचा गर्भ असा पडतो. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी सुमारे निम्म्यांत बीजातच चूक असते. गुणसूत्रे कमी-जास्त होतात. हे आपोआप घडते. त्यात कुणाचा हात नसतो.

आता दुसरे कारण पाहू. वांगे चिरून ठेवा. थोड्या वेळात काळे पडते. विळा पावसात राहिला तर गंजतो. ही करणी प्राणवायूची. तोच आपल्याला जगवतो, पण बेताबाहेर गेला तर नासही करतो. शरीरात प्राणवायू वापरताना काही उनाड कण तयार होतात. ते पेशींना इजा करतात. त्यांना आवरायला शरीराने राखणदार ठेवले आहेत. काही राखणदार शरीर स्वतः बनवते. काही अन्नातून मिळतात. आवळा, पेरू, लिंबू यांतले क जीवनसत्त्व आणि शेंगदाण्यातले ई जीवनसत्त्व हे असेच राखणदार.

गर्भाला पोसणारी वार सुरुवातीला फार नाजूक असते. तिच्याजवळ राखणदार थोडे. म्हणून निसर्गाने युक्ती केली. आईच्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी वारेच्या पेशींचे बूच बसते. प्राणवायू बेतानेच आत जातो. दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास ही बुचे सुटतात. एरिक जोनियो आणि ग्रॅहॅम बर्टन या संशोधकांनी २००० साली हे मोजून दाखवले. आठव्या ते बाराव्या आठवड्यात वारेतला प्राणवायू सुमारे तिप्पट होतो. तोवर राखणदारही वाढतात. पण बुचे नीट बसली नाहीत तर रक्त वेळेआधी आत घुसते. कोवळ्या रोपावर पाटाचे सगळे पाणी सोडावे, तसे होते. वारेला इजा होते आणि गर्भ टिकत नाही.

मग क आणि ई जीवनसत्त्वाच्या जादा गोळ्या घ्याव्यात का? तसे करून पाहिले गेले आहे. गर्भ पडणे त्याने कमी झाल्याचे दिसले नाही. जाहिरातीला भुलून पैसे घालवू नका.

मग करायचे काय? मिश्री, तंबाखू सोडा. त्याने उनाड कण वाढतात. नवऱ्यानेही घरात विडी ओढू नये. पालेभाजी, डाळ, फळ रोज पोटात जाऊ द्या. फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळेवर सुरू करा. ती बाळाच्या मेंदूसाठी व कण्यासाठी असते. अंगावरून रक्त गेले किंवा पोटात कळ आली तर लगेच आरोग्य केंद्र गाठा. पुन्हा पुन्हा गर्भ पडला तर नवरा-बायको दोघांनी तपासून घ्या.

आणि सासूबाईंनो, अशा वेळी सुनेला बोल लावू नका. तिला जवळ बसवा, ऊन ऊन जेवू घाला. औषधाइतकीच तिला त्याची गरज असते.