अभ्यासाला हवा-उजेड लागतो

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेलं भाषण)



पंचवीस वर्षांचा आढावा इतर वक्ते घेतीलच. मला पुढच्या एका कामाबद्दल बोलायचंय. गच्चीवर मुलांसाठी अभ्यासिका बांधायचा विषय सर्वसाधारण सभेपुढं येणार आहे. चार भिंती, वर पत्रे आणि काम कमी खर्चात, असा विचार चाललाय. अभ्यासिका हवीच, त्याबद्दल दुमत नाही. ती कशी हवी, एवढंच सांगतो.

हा विचार मोठमोठ्या विद्यापीठांनीही केलेला आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था आहे. 1988 साली ती स्थापन झाली. डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक आणि इमारतीचा आराखडा चार्ल्स कोरिया यांचा. भिंतींना आपल्याच दख्खनचा काळा दगड आणि मधोमध पायऱ्यांचं उघडं अंगण. त्या अंगणाचं नावच ‘कुंड’. तिथं आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत. दिवसभर डोकं चालवणारा माणूस खोलीबाहेर आला, की त्याला आभाळ दिसलं पाहिजे. आपल्यासारख्या उष्ण देशात आभाळाखालची मोकळी जागा ही खोलीइतकीच कामाची, हा कोरियांचा जन्मभराचा आग्रह होता.

आपल्या जुन्या लोकांना यात नवीन काही वाटलं नसतं. माळवदाचं घर आठवा. पांढरीच्या मातीच्या जाड भिंती, मधे चौक, वर झरोका. जाड भिंत ऊन सावकाश पिते, त्यामुळं दुपारची धग आत पोचायला संध्याकाळ होते. तापलेली हवा वर चढते आणि झरोक्यातून निघून जाते. विजेचा एक पैसा खर्च नाही.

मराठवाड्यातलंच आणखी एक उदाहरण देतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 साली तेव्हाच्या औरंगाबादला महाविद्यालय सुरू केलं, तेच आजचं मिलिंद महाविद्यालय. त्या परिसराचं नाव नागसेनवन. विद्येच्या जागेच्या नावातच ‘वन’ आहे, हे लक्षात घ्या.

आता कुणी म्हणेल, झाडं आणि खिडक्यांनी मार्क वाढतात का? अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठाच्या इमारतीत हे तपासलं गेलं. 24 माणसांना सहा दिवस तिथं कामाला बसवलं. हवेत रोज काय बदल केला, ते त्यांना सांगितलं नव्हतं. दिवसाअखेरी त्यांची विचारशक्तीची चाचणी घेतली. रंग-फर्निचरमधून निघणारी रसायनं हवेत कमी ठेवली, त्या दिवशी गुण नेहमीच्या इमारतीपेक्षा 61 टक्के जास्त आले. सोबत बाहेरची ताजी हवाही भरपूर सोडली, तेव्हा ते 101 टक्के जास्त, म्हणजे दुप्पट झाले. माणसं थोडी होती, पण फरक मोठा होता. हा निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाला.

दार-खिडक्या लावून वीस पोरं एका खोलीत बसली, की श्वासातला कार्बन डायऑक्साइड साचत जातो. डोकं जड होतं, पेंग येते. आणि आपण म्हणतो, पोरगा आळशी झालाय!

पत्र्याचं आणखी एक सांगतो. मे महिन्याच्या मध्याला आपल्या कड्यात भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते. म्हणजे ऐन उन्हाळ्यात खरा मार भिंतीला नाही, छताला बसतो. आणि मोठ्या परीक्षांचे दिवसही नेमके तेच.

म्हणून माझ्या सूचना अशा. पत्र्याऐवजी स्लॅब घालावा, त्यावर पांढऱ्या चुन्याचा हात द्यावा. पण आधी इंजिनिअरकडून इमारत तपासून घ्यावी. वजन पेलणार नसेल, तर खाली कडुनिंबाजवळची जागा उत्तम. खिडक्या समोरासमोर असाव्यात, म्हणजे वारा आरपार जाईल. उजेड उत्तरेकडून घ्यावा, पश्चिमेची भिंत बंद ठेवावी. वर झरोके हवेतच. गच्चीचं पाणीही वाया घालवू नका. 300 चौरस मीटर गच्ची आणि 500 मिलिमीटर पाऊस धरला, तर दीड लाख लिटर पाणी पडतं. टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या भागात हा आकडा लहान नाही. निम्मं जरी बोअरजवळ जिरवलं, तरी झाडं जगतील.

खर्च वाढेल, हे मान्य. पण बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाचा हिशेब ऐका. पत्रा आज स्वस्त पडतो. मग कूलर येतो, मागोमाग एसी येतो आणि बिल दरमहा येतं. म्हणजे मुद्दल थोडं आणि व्याज जन्मभर.

आपण घरं बांधली तेव्हा कर्ज फेडायची घाई होती. आता सोसायटी कर्जमुक्त आहे, सिंकिंग फंडात शिल्लक आहे. इथली मुलं नीट, एमपीएससीच्या परीक्षांना बसतायत. त्यांना पुण्या-लातूरला न पाठवता इथंच नीट श्वास घेत अभ्यास करता आला, तर रौप्यमहोत्सवाची याहून चांगली आठवण कोणती? सभेत हात वर करताना एवढा विचार जरूर करा.