डोंगरी सायकलशर्यतीची वाट

डोंगरातील सायकलशर्यतीत स्वाराची दृष्टी पुढच्या चार दगडांवर खिळलेली असते. फलक वाचण्यास त्यास सवड कोठली? म्हणूनच आंतरराष्ट्रीय सायकल संघाच्या नियमांत अक्षरांऐवजी बाणांची भाषा आहे. वळणाअलीकडे एक बाण, वळणावर दुसरा, आणि वाट बरोबर असल्याची ग्वाही देणारा तिसरा पुढे. चुकीच्या वाटेवर फुली. अधोमुख बाण धोक्याचा. दोन असल्यास धोका अधिक, तीन असल्यास अतिशय जपून जावे. ही खूण अडथळ्याच्या दहा ते वीस मीटर अलीकडे हवी. कड्याच्या ओठावर लावलेला बाण इशाऱ्याच्या नव्हे, पंचनाम्याच्या उपयोगी!

परंतु बाणांइतकीच वाटही विश्वासू असावी लागते. टोकिओ ऑलिंपिकची शर्यत २०२१ साली इझू येथे झाली. तेथील एका उंच खडकाखाली सरावाच्या वेळी लाकडी उतरण होती. शर्यतीच्या दिवशी ती काढलेली होती. इतर स्वारांस हे ठाऊक होते. डच स्वार मॅथ्यू व्हान डर पूल मात्र ती असेल याच समजुतीने उतरला आणि पहिल्याच फेरीत कोसळला. पुढे त्यास शर्यत सोडावी लागली. अशी फळी हलवावयाचीच असेल, तर सरावाच्या अखेरच्या फेऱ्यांपूर्वी हलवावी. म्हणजे ती नाही हे स्वारांच्या कानांप्रमाणे हातापायांसही कळते.