देहात लावलेला दिवा



मेंदूतील गाठ काढणाऱ्या शल्यचिकित्सकापुढचा सर्वांत अवघड प्रश्न कोणता? गाठ कोठे आहे हा नव्हे, ती एम.आर.आय.मध्ये आधीच दिसलेली असते. गाठ कोठे संपते, हा खरा प्रश्न. कवटी उघडल्यावर रोगट ऊती आणि निरोगी मेंदू यांच्या रंगात फारसा भेद दिसत नाही. थोडे कमी कापले, तर रोग पुन्हा उगवतो. थोडे अधिक कापले, तर रुग्णाची वाचा जाते, हात लुळा पडतो. सारा हिशेब मिलिमीटरचा आणि निर्णय त्या क्षणी घ्यायचा.

या अडचणीवर जर्मनीत एक उपाय कसोटीला लावला गेला. वॉल्टर श्टुमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये 270 रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेपूर्वी काही तास रुग्णाला एक औषध पाजायचे. गाठीतील पेशी त्यापासून एक द्रव्य तयार करतात आणि निळ्या प्रकाशात ते लालसर चमकते. नेहमीच्या पद्धतीत 36 टक्के रुग्णांची दिसणारी गाठ पूर्णपणे निघाली होती. या पद्धतीत ते प्रमाण 65 टक्क्यांवर गेले. शल्यचिकित्सकाचे कौशल्य तेच होते. त्याला दिसू लागले, एवढाच फरक.

या चमकण्याला प्रतिदीप्ती म्हणतात. हिवतापावरचे क्विनाइन आपल्या जुन्या पिढीला चांगले ठाऊक होते. त्याच्या द्रावणावर डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण पडले की ते निळे चमकते. 1852 मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी त्याचा उलगडा केला: पदार्थ अधिक ऊर्जेचा प्रकाश गिळतो आणि कमी ऊर्जेचा, म्हणजे अधिक लांब लहरींचा प्रकाश परत देतो.

मात्र साधी रंगद्रव्ये मंद असतात आणि प्रकाशात लवकर विटतात. पुढे आलेले ‘क्वांटम डॉट्स’ झळाळते खरे. पण त्यांतील अनेकांच्या गाभ्यात कॅडमियम हा विषारी धातू असतो. तो शरीरात सोडायला कोण धजेल? म्हणून रसायनशास्त्रज्ञांची दृष्टी बहुवारिकांकडे, म्हणजे पॉलिमरकडे वळली. प्लास्टिक हे याच कुळातले. परंतु काही बहुवारिकांच्या लांब साखळीतून इलेक्ट्रॉनांना मुक्त वावर असतो. वीज वाहून नेणाऱ्या अशा बहुवारिकांच्या शोधासाठी 2000 चे रसायनशास्त्राचे नोबेल हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना मिळाले. या कुळातील काही साखळ्या प्रकाश उत्तम शोषतात आणि तितक्याच जोमाने परत देतात.

त्यांचे कण करण्याची रीत आश्चर्य वाटावे इतकी सोपी आहे. बहुवारिक एका सेंद्रिय द्रावकात विरघळवायचे आणि ते द्रावण पाण्यात झटकन ओतायचे. पाण्याशी वैर असलेल्या साखळ्या अंग चोरून गोळा होतात आणि नॅनोकण तयार होतो. ‘नॅनो’ हा शब्द जाहिरातींनी इतका झिजवला आहे, की प्रमाण सांगितलेले बरे: वीस नॅनोमीटरचा कण म्हणजे केसाच्या जाडीचा सुमारे चार हजारावा भाग.

अमेरिकेतील सिॲटल येथे चांगफेंग वू, डॅनियल च्यू आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये अशा कणांवर एका विंचवाच्या विषातील क्लोरोटॉक्सिन हे छोटे प्रथिन जोडले. कित्येक मेंदूगाठींच्या पेशींना चिकटण्याचा त्याचा गुण आहे. लहान मुलांत आढळणाऱ्या मेड्युलोब्लास्टोमा या कर्करोगाची गाठ असलेल्या उंदरांच्या शरीरात हे कण सोडले गेले. नंतर मेंदू काढून पाहिले, तेव्हा विंचवाचे प्रथिन लावलेले कण गाठीत अधिक साठलेले आढळले. ज्याच्या नांगीची धास्ती, त्याच्याच विषाने वाट दाखवावी!

पण त्या कणांना चेतवायला निळा प्रकाश लागे आणि निळा प्रकाश मांसातून फार आत जात नाही. विजेरी तळहाताखाली धरली की बोटांच्या कडा लालच का दिसतात? बाकीचे रंग रक्त आणि ऊती अडवतात. लाल रंगाच्याही पलीकडचा अवरक्त प्रकाश आणखी खोल जातो. 2014 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात होंगजिये दाई यांच्या गटाने सुमारे एक हजार नॅनोमीटरपलीकडे चमकणारे बहुवारिक वापरून जिवंत उंदराच्या धमनीतील रक्तप्रवाह सेकंदाला 25 हून अधिक चित्रांच्या वेगाने टिपला. एका ठोक्यातील प्रवाहाचा चढउतारही त्यात दिसला.

मग हे रुग्णालयात का नाही? कारण दिवा लावणे जमले, तो बाहेर काढणे जमलेले नाही. मूत्रपिंडाच्या गाळणीतून साधारणतः सहा नॅनोमीटरहून लहान कणच सहज जातात. मोठे कण यकृत आणि प्लीहेत अडकतात. ज्या मजबूत कण्यामुळे ही बहुवारिके न विटता चमकतात, त्याच कण्यामुळे ती शरीरात सहजी तुटत नाहीत. गुणच येथे दोष ठरला आहे. उंदराचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे. गाठीतून वाचलेल्या आठ वर्षांच्या मुलाला पुढे साठ वर्षे जगायचे असते. त्याच्या यकृतात काय साठून राहील, याचे उत्तर उंदीर देऊ शकत नाही. अमेरिकेत 2021 मध्ये अंडाशयाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेसाठी मान्यता मिळालेले चमकणारे द्रव्यही साधा छोटा रेणूच आहे, नॅनोकण नव्हे.

आता प्रयत्न आहे तो चमकेल आणि काम झाल्यावर विरघळेलही अशा साखळीचा. शस्त्रक्रियेतील विरघळणारे टाके आपल्या परिचयाचे आहेत. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांची ती बहुवारिके पाण्याच्या संपर्काने हळूहळू तुटतात. पुण्याच्या आयसर संस्थेत एम. जयकण्णन यांच्या गटाने अमिनो आम्लांपासून अशी बहुवारिके घडवली आहेत, की त्यांना चमकणारा रेणू जोडलेला असतो आणि पेशीतील विकरे त्यांची साखळी तोडतात. कर्करोगाच्या पेशींत हे कण शिरताना आणि चमकताना तेथील सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले आहेत. पाषाणच्या त्या प्रयोगशाळेतील काचेच्या बशीपासून शल्यगृहातील मेजापर्यंतचे अंतर अजून बरेच मोठे आहे.